गाळलेलं पान

"सर, इथे एक पान गाळलंत का तुम्ही?" जेम्सने विचारलं, आणि माझ्या हातातल्या कपातला चहा बशीत सांडला. त्याच्या आवाजात आरोप नव्हता. पाचवीत गणिताच्या पुस्तकातली छपाईची चूक दाखवायला तो टेबलापाशी यायचा तेव्हाही असाच विचारायचा, नम्रपणे, बोट ओळीवर ठेवून. आता तो बँकेत अधिकारी आहे, पोट सुटलंय, पण बोट तसंच. त्या बोटाखाली माझंच पुस्तक होतं, फोर्टच्या फुटपाथवर घेतलेलं, पाठीचा डिंक झुरळांनी खाल्लेलं जाडजूड इंग्रजी पुस्तक, आणि ते मीच त्याला आठ दिवसांपूर्वी वाचायला दिलं होतं. म्हणजे माझ्याविरुद्धचा पुरावा मीच वर्तमानपत्राचं कव्हर घालून त्याच्या हाती ठेवला होता. एखाद्या हुशार माणसाने असं केलं नसतं. किंवा केलं असतं तर त्यामागे काही हेतू असता. माझा हेतू होता की नव्हता, हे मला अजून सांगता येत नाही. मी म्हणालो, "खात्रीने सांगता येत नाही. स्टेन्सिल फाटलं असेल." आणि हे वाक्य तोंडातून बाहेर पडताच जिभेवर सायक्लोस्टाइलच्या शाईची चव आली, तेलकट, किंचित गोड, उलटी व्हायच्या आधी तोंडाला पाणी सुटतं तशी.

नाताळाला तीन आठवडे होते. नव्याने आलेल्या फादर मार्सेल यांनी रविवारी दुपारी चर्चच्या हॉलमध्ये अभ्यासमंडळ सुरू केलं होतं आणि यंदाचा विषय त्यांनीच फळ्यावर लिहिला होता: चार शुभवर्तमानांबाहेरचे प्राचीन ग्रंथ, विश्वासार्ह की बनावट? बनावट म्हणणारा जेम्स. विश्वासार्ह म्हणणारा कुणी मिळेना, म्हणून मी. मला चार माणसांत बोलता येत नाही. चाळीस वर्षं वर्गात उभा राहिलो तो मुलं लहान होती म्हणून. आठवी-नववीचे वर्ग मी टाळत आलो. पण फादरांना कुणीतरी सांगितलं की पास्कल मास्तरांच्या घरी पुस्तकांना वाळवी लागते इतकी पुस्तकं आहेत. मग मी त्या ग्रंथांतले निवडक भाग मराठीत केले, स्टेन्सिलवर लिहिले, शाळेच्या यंत्रावर पन्नास प्रती काढल्या. बावीस पानं. तेविसावं केलं होतं. शाई लावण्याआधी ते स्टेन्सिल मी चुरगळलं आणि खिशात घालून घरी आणलं, चुलीत टाकलं. मेणकागद जळताना जो वास येतो तो दोन दिवस माझ्या नाकात होता. एमिली म्हणाली, "दादा, काय जाळलंस? घाण वास येतोय." एमिली माझी धाकटी बहीण. आमच्या घरात आम्ही दोघंच. ती घरच्या बोलीत बोलते. ती बोली मला कागदावर उतरवता येत नाही, हाताला शाळामास्तरी मराठीच येते, म्हणून तिचं बोलणं मी इथे धुऊन, इस्त्री करून लिहितो आहे. तेही एक प्रकारचं गाळणंच.

जेम्सने पहिली वीस मिनिटं चांगली गाजवली होती. हे ग्रंथ शंभर-दीडशे वर्षांनी लिहिलेले, तो म्हणाला, आणि वर नाव मात्र प्रेषिताचं घातलेलं. बाळ येशू मातीच्या चिमण्या करून उडवतो काय, धक्का मारणाऱ्या पोराला शाप देऊन मारतो काय. "हे म्हणजे निनावी पत्रापेक्षा वाईट," तो म्हणाला. "निनावी पत्रवाला निदान दुसऱ्याचं नाव तरी खाली लिहीत नाही." लोक हसले. मी हसलो नाही, कारण 'निनावी पत्र' हे शब्द ऐकून माझे हात टेबलाखाली गेले होते. मग माझी पाळी आली. मी कागदावरून वाचलं: चारही शुभवर्तमानांत पवित्र मरीयेच्या आईबापांची नावं नाहीत, ती या ग्रंथांतून आली आणि आपण त्यांचा सण करतो. गोठ्यातल्या बैलाचा आणि गाढवाचा उल्लेखही जन्माच्या कथेत कुठे नाही. "मग गोठ्यातला बैल काढायचा का?" मी विचारलं. माझा आवाज मध्येच फाटला. मागून कुणीतरी ओरडलं, "बैल राहू द्या मास्तर, गाढव काढा! गाढवं गावात पुष्कळ आहेत!" हॉल दणाणला. पहिल्या रांगेत जेम्सची आई, पॉलिन, तोंडाला पदर लावून खांदे हलवत हसत होती. तिचं हसणं मला पूर्वी आवडायचं. हे लिहायला नको होतं. पण एक पान गाळून झालंय, आता आणखी गाळणं बरं नाही.

आणि मग, आम्हा दोघा वक्त्यांना चहा आधी मिळाला होता पण लोकांचा व्हायचा होता, जेम्सने ते गाळलेलं पान पुस्तकातून थेट मराठीत सांगायला सुरुवात केली. मागच्या खिडकीपाशी बायकांच्या बाकावर एमिली बसली होती, मांडीवर छत्री आडवी धरून. डिसेंबरातही ती छत्री नेते. तिच्या बोटांवर केळीच्या चिकाचे काळे डाग आहेत, ते आता कशानेच जात नाहीत. जेम्स सांगत होता: गुहेत बाळ जन्मलं आहे, कुमारीच्या पोटी. एक सुईण ते पाहून बाहेर येते आणि दुसऱ्या बाईला सांगते. दुसरी म्हणते, मी माझ्या हाताने खात्री करून घेतल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही. ती आत जाते, हात पुढे करते, आणि तो हात जळाल्यासारखा वाळून जातो. "आता सांगा," जेम्स म्हणाला, "हे काय आहे? हे शुभवर्तमान आहे की सरकारी दवाखान्यातली तपासणी?" पुरुष हसले. ते हसणं मला ओळखीचं होतं. अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांवर पाऊस पडला की दुसऱ्या दिवशी जो वास सुटतो, तसं काहीतरी त्या हसण्यातून येत होतं, आणि सगळ्यात किळस मला याची आली की माझ्याही ओठांचे कोपरे, लोकांबरोबर, सवयीने, वर गेले होते.

एकोणीसशे अठ्ठेचाळीस. बाबा जाऊन दोन वर्षं झाली होती, घरात कर्ता पुरुष म्हणून मी. एमिलीचं लग्न निर्मळकडच्या एका मुलाशी ठरलं होतं. मुलगा बरा होता, त्यांची फुलांची वाडी होती. आमच्यात लग्नाआधी तीन रविवार चर्चच्या उपासनेत, मिस्सेत, दोघांची नावं पुकारतात आणि कुणाला काही हरकत असली तर कळवावी असं सांगतात. दोन रविवार झाले. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारच्या मधे चर्चच्या दानपेटीत एक चिठ्ठी सापडली. मुलगी शुद्ध नाही, एवढंच, आणि खाली सही नाही. त्यावेळचे म्हातारे फादर मला आत बोलावून म्हणाले, "पास्कल, या गावात अर्ध्या लोकांना लिहायला तू शिकवलंस. हे अक्षर कुणाचं?" मी कागद हातात घेतला. संध्याकाळी मी मोठ्या मुलींसाठी लेखनाचा वर्ग घेत असे. ते अक्षर पॉलिनचं होतं. वळणं मुद्दाम वाकडी केलेली, पण ओळीच्या शेवटी पेन जरा दाबून थांबण्याची तिची लकब मी तीन वर्षं पाहिली होती; फक्त पाहिलीच नव्हती, तिची वही घरी आणून त्यावर बोट फिरवलं होतं. तिला तो निर्मळचा मुलगा हवा होता. ते मला त्या कागदावरून कळलं. मला ती हवी होती. तेही मला तेव्हाच, त्या कागदावरूनच, पुरतं कळलं. फादर वाट बघत होते. मी म्हणालो, "खात्रीने सांगता येत नाही."

खरं तर हे वाक्य खोटं नव्हतं. कुठल्याही अक्षराबद्दल खात्रीने काय सांगता येतं? मी आयुष्यभर हेच म्हणत आलो आहे, आणि लोकांनी त्याला विद्वत्ता समजून मान दिला. पण त्या दिवशी मी एवढं जरी म्हटलं असतं की चिठ्ठी खोटी आहे, मी जबाबदारी घेतो, तर ती चिठ्ठी दिव्यात जळून गेली असती. मी शंका घेतली. शंका घेणाऱ्याचा हात वाळतो असं त्या ग्रंथात आहे. माझा वाळला नाही. उलट त्याच हाताने मी पुढचा कागद लिहिला.

मुलाच्या आईने निरोप पाठवला: सुईणीकडून खात्री करून द्या, मग तिसरा पुकारा होऊ द्या. फादरांनी कानांवर हात ठेवले, मी असलं काही ऐकलं नाही म्हणाले. मी ऐकलं. आमच्याकडे हिंदू-ख्रिस्ती दोन्ही घरांतली बाळंतपणं जिजाबाय करायची, निर्मळच्या माळ्यांच्या घरातली, काळी, धिप्पाड, तोंडात सदा पान. तिला मीच निरोप धाडला. शनिवार होता, शाळा सकाळची. मी शाळेतून थेट आलो, बूटही काढले नाहीत. जिजाबाय एमिलीला घेऊन आतल्या खोलीत गेली, दार लावून घेतलं. मी दाराबाहेर उभा राहिलो. भिंतीवर सणांचं कॅलेंडर होतं, ते वाचत राहिलो. कोणता सण कोणत्या वारी येतो, उपासाचे दिवस कोणते. आतून काही ऐकू येत नव्हतं. एकदा पानाची पिचकारी भांड्यात पडल्याचा आवाज आला. अजूनही बाजारात पान खाणारी बाई दिसली की मी रस्ता बदलतो. बऱ्याच वेळाने दार उघडलं. जिजाबाय म्हणाली, "मास्तर, पोर सोन्यासारखी आहे. लिहून घ्या." मी लिहिलं. पूर्ण वाक्यांत, शुद्ध मराठीत, तारीख घालून. मग तिचा अंगठा शाईच्या गादीवर दाबला आणि कागदावर टेकवला. तो अंगठा जाड होता, गरम होता, आणि मी तो धरला असताना माझ्या मनात फक्त हेच येत होतं की हा अंगठा आत्ता कुठून आला आहे. कागद वाळत असतानाच एमिली बाहेर आली, माझ्यासमोरून मागच्या वाडीत गेली, आणि सूर्य मावळेपर्यंत केळींना पाणी देत राहिली. दुसऱ्या दिवशी मिस्सेआधी तिने फादरांना स्वतः सांगितलं की मला लग्न करायचं नाही. तिसरा पुकारा झालाच नाही. वर्षाच्या आत त्या मुलाची आणि पॉलिनची नावं तीन रविवार पुकारली गेली. मी मिस्सेत होतो. हरकत असली तर कळवावी, असं फादर म्हणाले.

पस्तीस वर्षं एमिली माझं जेवण रांधते आहे. त्या शनिवारबद्दल आमच्यात एक शब्द झालेला नाही. पहिली काही वर्षं मी दर लेंटमध्ये, ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांत, ठरवायचो की या ईस्टरपर्यंत तिला सांगेन: अक्षर मी ओळखलं होतं. मग मी पुस्तकं आणू लागलो. लोकांना वाटलं वाचनाचा नाद. ज्या ग्रंथांना चर्चने बाहेर ठेवलं तेच मी का गोळा करत गेलो, हे मला जेम्सने बोट ठेवेपर्यंत खरंच कळलं नव्हतं, की कळून घेतलं नव्हतं, हेही खात्रीने... असो.

"मास्तर," फादर मार्सेल म्हणत होते, "तुमचं काय मत? हा प्रसंग विश्वासार्ह वाटतो?" हॉलमध्ये चहाच्या पिंपाचं झाकण कुणीतरी उघडलं होतं, उकळून उकळून काळ्या झालेल्या चहाचा वास येत होता. माझ्या बशीतल्या चहावर साय धरली होती, सुरकुतलेली, कातडीसारखी. मी उभा राहिलो. पुढ्यातला कागद उपयोगाचा नव्हता, कारण त्यावर हा प्रसंगच नव्हता.

"पान फाटलं नव्हतं," मी म्हणालो. "मी गाळलं."

"का सर?" जेम्स म्हणाला. त्याला वाईट वाटलेलं दिसलं. चांगला मुलगा आहे.

"मला वाटतं... लिहिणारा कोण होता माहीत नाही. नाव खोटं असेल. चमत्कारही खोटा असेल. पण हात पुढे करणारी ती बाई त्याने कुठेतरी पाहिलेली असणार. असं होतं, हे त्याला ठाऊक होतं. आणि तेव्हा दाराबाहेर कुणीतरी पुरुष उभा असतो. त्याला मात्र त्याने गाळलं."

"कुठला पुरुष, सर?" जेम्सने पुस्तक चाळलं. "इथे तसं काही नाही."

"नाही ना. तेच म्हणतोय."

कुणीतरी खोकलं. "मास्तर भारी खोल गेले बुवा," मागचा तो गाढववाला म्हणाला, पण या वेळी कुणी हसलं नाही. पॉलिनने पदर तोंडावरून काढला होता आणि ती माझ्याकडे बघत नव्हती, मान वळवून खिडकीकडे बघत होती, जिथे एमिली बसली होती. फादर घाईघाईने म्हणाले की चर्चा फार उद्बोधक झाली, चहा घ्या सगळ्यांनी. मला वाटलं मी काहीतरी शूर केलं. लगेच त्याचीही किळस आली. कोड्यात बोललो होतो. ज्याला कळायला हवं त्याला कळेल आणि ज्याला कळू नये त्याला कळणार नाही, असं. तीसुद्धा बिनसहीची चिठ्ठीच होती.

घरी जाताना ऊन अजून होतं. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना केळी, मधून पाटाचं पाणी. कापणी झालेल्या केळींचे बुंधे कुजायला टाकले होते, त्यांचा आंबूस वास. एमिली माझ्यापुढे दोन पावलं चालत होती, छत्री मिटलेली. भाजीची टोपली बांधलेला एक सायकलवाला घंटी वाजवत गेला. मग ती म्हणाली, "त्या बाईचा हात पुढे बरा झाला का?"

"झाला," मी म्हणालो. "तिने बाळाला उचलून घेतलं, मग बरा झाला."

"मग बरंच आहे की. कशाला जाळलंस?"

मी थांबलो. "बाय," मी म्हणालो, "त्या चिठ्ठीचं अक्षर मी ओळखलं होतं. पॉलिनचं होतं. मी सांगितलं नाही."

ती थांबली नाही. "माहीत आहे."

"कसं?"

"पॉलिननेच सांगितलं. जेम्स पोटात होता तेव्हा आली होती, तू शाळेत होतास. पाया पडायला लागली. म्हणाली, मास्तरांना अक्षर कळलं असणारच, त्यांनीच शिकवलं, पण त्यांनी मला वाचवलं. मी तिला केळ्यांची फणी दिली आणि घरी पाठवली. पोटुशी बाई, उन्हातून आलेली." ती फाटकाशी पोचली होती, कडी काढत होती. "मी म्हटलं, तू सांगशील. ईस्टरला सांगशील, नाताळला सांगशील. मग सोडून दिलं."

"आणि जिजाबायने..." मला ते वाक्य पुरं करता येईना. पस्तीस वर्षांत मी ते मनातही पुरं केलेलं नव्हतं.

एमिलीने पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं. मग ती हसली, खरंच हसली, आणि ते हसणं वाईट नव्हतं म्हणून जास्त लागलं. "जिजाबायने हात नाही लावला मला. दार लावलं, खाटेवर बसली, पान जुळवलं. मलाही दिलं अर्धं. म्हणाली, पोरी, एवढं पान होईस्तो बसू, मग मी बाहेर जाऊन सांगते काय सांगायचं ते. त्यांना काय, कागद हवा. बसलो दोघी. तिच्या म्हशीबद्दल सांगत होती."

मी फाटकाचा गज धरला. तो कागद, तो अंगठा, माझी ती शुद्ध वाक्यं. सगळं बनावट होतं, आणि त्या शनिवारी त्या घरात झालेली सगळ्यात चांगली गोष्ट तीच होती. मला हलकं वाटायला हवं होतं. क्षणभर वाटलंही. "मग तू लग्नाला नकार का दिलास?" मी विचारलं. "काही झालंच नव्हतं तर?"

ती अंगणातून घरात गेली. आतून तिचा आवाज आला. ती केळफूल सोलायला बसली असावी, विळी ओढल्याचा आवाज आला आधी. "दाराखाली फट आहे ना, आतल्या खोलीच्या. अजून आहे. मी खाटेवर बसले होते, तिथून तुझे बूट दिसत होते. काळे. जिजाबाय बोलत होती, पण मी बुटांकडे बघत होते. म्हटलं, आता दादा दार वाजवेल. नुसतं एकदा वाजवलं असतंस तरी चाललं असतं. तिने हात लावला नाही हे मला माहीत होतं. तुला कुठे माहीत होतं? पान संपेपर्यंत ते बूट हलले नाहीत."

विळीवर केळफुलाची पहिली फाक पडली. मग ती म्हणाली, साध्या आवाजात, जसं मीठ आणायला सांगते तसं, "आत ये. ते जाळलेलं पान पुन्हा लिही आणि मला वाचून दाखव. सगळं."

मी खाली पाहिलं. वहाणांत माझे म्हातारे पाय होते, नखं जाड, पिवळी, घोट्यांवर रस्त्याची धूळ. ते माझे वाटेनात आणि दुसऱ्या कुणाचे असणंही शक्य नव्हतं. समोर घराचा उंबरठा होता, जेमतेम दोन बोटं उंच. पस्तीस वर्षं तो मी रोज ओलांडतो आहे, असं मला वाटत आलं होतं.